कानाने गाडी बघणारे मिस्त्री

उजवा हात वर करून, तळवा समोरच्याच्या तोंडापुढे धरून ते म्हणायचे, "थांबा. आदी तिला बोलू द्या."

ती म्हणजे गाडी. तिचा मालक घामाघूम होऊन काहीबाही सांगत असायचा, काल कुठे बंद पडली, कोणी काय बदललं, किती धक्के मारले. मिस्त्री तो तळवा दाखवायचे आणि मालक गप्प व्हायचा. शेजारच्या पंक्चरवाल्याने हातोडी खाली ठेवायची, टपरीवरच्या माणसाने मोबाइलवरचं गाणं बंद करायचं, हा तिथला कायदा होता. मग मिस्त्री बॉनेटवर वाकून डोळे मिटायचे. "हं, मारा सेल्फ." चावी फिरायची, इंजिन घर्र घर्र करायचं आणि पेटायचं नाही. दोनदा, तीनदा. डोळे उघडेपर्यंत त्यांना रोग कळलेला असायचा. सव्वीस वर्षं मी शाळेत शिकवते आहे. इतकी शांतता मला एकाही वर्गात मिळालेली नाही.

अक्कलकोट रोडला, शहर संपता संपता, त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. लोक त्यांना मिस्त्री म्हणायचे आणि मीही तेच म्हणत आले. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव विचारायचं राहूनच जातं आणि मग विचारायची वेळ निघून जाते.

माझी नोकरी वळसंगच्या शाळेत. नवरा गेला तेव्हा मागे एक जुनी पेट्रोल गाडी राहिली. धाकट्या दिरांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं, "वहिनी, गाडीचं काय करायचं? गिऱ्हाईक आहे." त्यांनी इतकी घाई केली नसती तर कदाचित मी विकलीही असती. पण मी म्हटलं, मी चालवणार. सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, निव्वळ हट्टाने, आणि महिनाभरात कुंभारीच्या फाट्याजवळ भर उन्हात गाडी बंद पडून उभी राहिले.

सेल्फ लागत होता, इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं. मी चावी फिरवतच राहिले. अर्ध्या तासाने एक माणूस सायकलवरून आला. काटक अंगाचा, पिकलेल्या मिशांचा, खाकी शर्टाच्या खिशात पेन्सिलीसारखा एक स्क्रू ड्रायव्हर. त्याने तो तळवा दाखवला. मी त्याला तोपर्यंत ओळखतही नव्हते, तरी गप्प बसले. एकदा सेल्फ मारायला लावला, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला, मागच्या बाजूने गाडी कमरेने हलवून कान लावला आणि म्हणाला, "बाई, गाडी आजारी न्हाई, उपाशी हाय."

काटा अर्ध्यावर दिसत होता. मी तो दाखवला.

"काटा खोटं बोलतोय की. ह्या गाडीचा काटा असाच अडकून बसतोय. टाकीत थेंब न्हाई, आणि सेल्फ मारमारून तुमी बॅटरीचा जीव घेतलाय."

मला त्यांचा राग आला होता, हे खरं सांगते. पण तेच सायकल फिरवून पेट्रोल घेऊन आले, आणि राग टिकवायला काही उरलं नाही.

तेव्हापासून माझी गाडी त्यांच्याकडेच जाऊ लागली. जुनी गाडी म्हणजे दर महिन्याला काहीतरी निघणारच. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी परतताना मी गॅरेजवर थांबायची, काम असो नसो. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. तिथे एक लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर बसून मी वह्या तपासायची.

त्यांचं सगळं शास्त्र तीन प्रश्नांत संपायचं. "पेट्रोल हाय का? करंट हाय का? हवा हाय का?" इंजिन फिरतंय पण पेटत नाही, म्हणजे या तिघांपैकी एक गैरहजर आहे. "चौथं कारण नसतंय बाई. चौथं कारण मालकाच्या डोक्यात असतंय." आणि मालक डोक्यात बरंच काही घेऊन यायचे. एकदा एक गळ्यात साखळी घातलेले गृहस्थ चार गॅरेजं फिरून आले. एकाने प्लग बदलले होते, एकाने कॉइल, एकाने मशीन जोडून भलामोठा कागद छापून दिला होता. मिस्त्रींनी कागदाला हातही लावला नाही. एकदा सेल्फ ऐकला, बॅटरीमागे हात घातला आणि उंदराने कुरतडलेली वायर बाहेर ओढली. वर त्यांना विचारलं, "घरात मांजर हाय का? पाळा."

ते गृहस्थ इतके ओशाळले की दुसऱ्या शनिवारी पेढे घेऊन आले.

मला मात्र त्यांनी हळूहळू शिकवलं. का, कोण जाणे. मी मास्तरीण म्हणून असेल, किंवा मी तिथे रिकामी बसून असायची म्हणून. चावी पहिल्या टप्प्यावर आणली की मागच्या सीटखालून दोन सेकंद 'झूं' असा बारीक आवाज येतो, तो पेट्रोल पंपाचा. तो आला नाही तर पुढचं काही बघू नका. टाकीखाली रबरी हातोडीने हळू ठोका, कधीकधी पंप तेवढ्याने जागा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, इंजिनाच्या पोटातला पट्टा. तो सरकला किंवा तुटला तर सेल्फ हलका वाजतो, नेहमीपेक्षा भरभर, कुठे जोर न लागता.

"रिकामं जातं फिरीवल्यागत," ते म्हणाले. "दाणा नसला की जातं कसं गरगर फिरतंय? तसं वाजलं की चावी सोडायची. पुन्ना मारायचा न्हाई. मारला की इंजन गेलं."

एका जुन्या गाडीचा पट्टा मुद्दाम काढून त्यांनी मला तो आवाज ऐकवला होता. प्लग काढून ठेवले होते आणि असल्या इंजिनाला त्याने काही होत नाही, हेही आधी सांगितलं होतं. मी दोनदा ऐकला. परीक्षा घ्यावी तसे ते माझ्याकडे बघत होते. मला कळला होता तो आवाज, पक्का कळला होता. हे मी आधीच सांगून ठेवते.

ऐकायला कमी येतंय, हे त्यांचं त्यांनाही एकदम कळलं नसावं. तरुणपणी ते बारा वर्षं यंत्रमागावर होते. माग चालू असले की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. मागाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली माणसं घरातही ओरडूनच बोलतात आणि बायका त्यांना भांडखोर समजतात. मिस्त्रींचा डावा कान तेव्हाच गेलेला होता. उजव्यावर त्यांनी वीस वर्षं संसार केला.

एका शनिवारी माझी गाडी पेटेना. ते मागच्या सीटवर बसले, डोळे मिटले. मी चावी टप्प्यावर आणली. पंपाचा आवाज आला, अगदी रोजचा.

"पंप गेलाय," ते म्हणाले.

मी मान वळवून बघितलं. चेष्टा करत असतील असं वाटलं. ते खाली उतरले, गाडीखाली हात घालून टाकीला तळवा लावला आणि म्हणाले, "परत लावा." मी लावली. त्यांचा हात तसाच राहिला. मग उठून हात पुसत ते म्हणाले, "न्हाई, चालू हाय. दुसरं बगू." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

पण पुढच्या वेळेपासून चावी लावली की मीच मोठ्याने म्हणायला लागले, "आला हो मिस्त्री आवाज!" नव्याने शिकणाऱ्या पोरीसारखा उत्साह दाखवून म्हणायची. किंवा, "आज जरा जड फिरतंय का?" ते "हां" म्हणायचे आणि त्या धाग्याने पुढे जायचे. आमच्यात याविषयी एक शब्द झाला नाही. त्यांचं गॅरेज म्हणजे त्यांचा कान होता. तो गेला आहे हे चार लोकांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तिथे कोणी गाडी आणली नसती. मला ते नको होतं. माझी गाडी कोण दुरुस्त करणार म्हणून नव्हे. त्या खुर्चीशिवाय माझा शनिवार कसा गेला असता, मला माहीत नाही.

असं वर्षभर चाललं. आठवड्यातले बाकीचे दिवस ते कसे निभावत होते, याचा विचार मी केला नाही. करायला हवा होता.

आणि मग मंद्रूपचा तो वडापवाला आला. मंद्रूप ते सोलापूर माणसं भरून नेणारी त्याची जुनी व्हॅन, तीच त्याची रोजी. बाजारचा दिवस, आत सात-आठ माणसं, पिशव्या, एक म्हातारी कोंबड्यांची टोपली घेऊन. रस्त्यात व्हॅन बंद पडली होती आणि ट्रॅक्टरला दोर बांधून त्याने ती थेट इथे आणली होती. म्हातारी तशीच आत बसून आली होती, कारण भाडं दिलं होतं.

"मिस्त्री, सेल्फ घेतीय पर पेटंना. लई घाई हाय बगा, मानसं खोळंबल्यात."

मिस्त्रींनी तळवा वर केला. सगळे गप्प झाले. म्हातारीनेही टोपलीवर हात ठेवला, जणू कोंबड्यांना गप्प करायला. मिस्त्री वाकले, डोळे मिटले.

"मारा."

वडापवाल्याने चावी फिरवली. मी खुर्चीत होते, दहा पावलांवर, मांडीवर सहावीच्या वह्या. इंजिन फिरलं. भरभर, हलकं, कुठेही जोर नाही. रिकामं जातं.

मी मिस्त्रींकडे बघितलं. आता ते डोळे उघडतील, हात हलवतील, "सोडा चावी" म्हणतील. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"अजून एकदा."

मी बोलू शकले असते. दोन शब्द पुरे होते. पण तिथे दहा माणसं उभी होती, आणि हात वर असताना तिथे कोणी बोलत नसे. मी बोलले असते तर प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न आला असता, की बाईंना ऐकू आलं ते मिस्त्रींना कसं नाही आलं? वर्षभर मी जे झाकलं होतं ते मीच त्या सगळ्यांपुढे उघडं करायचं? आणि मनात असंही आलं की मी कोण, एक मास्तरीण, मला काय कळतं. हे शेवटचं खोटं होतं. मला कळत होतं.

"अजून."

तिसऱ्यांदा चावी फिरली आणि इंजिनातून खाडकन आवाज आला. भांड्यांची फळी कोसळावी तसा. इंजिन जागच्या जागी अडकलं. म्हातारी "अगं आई" म्हणून ओरडली, कोंबड्या फडफडल्या, पंक्चरवाला उठून उभा राहिला.

मिस्त्री वाकलेलेच होते. डोळे मिटलेले, हात वर.

"मारा की. का थांबला?"

वडापवाला खाली उतरला, त्यांच्यासमोर गेला आणि तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडला, "मिस्त्री! इंजन फुटलं की माजं! ऐकाय येत न्हाई का तुमाला?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. आधी त्याच्याकडे बघितलं, मग बाकीच्या तोंडांकडे, एकेक करून. शेवटी माझ्याकडे. मी वह्यांकडे बघत होते.

त्यांनी ते इंजिन आठ दिवस खपून स्वतःच्या हाताने उभं केलं. वाकलेले वॉल्व्ह काढले, नवे बसवले. दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा व्हॅन नुकतीच गेली होती आणि ते रॉकेलमध्ये हात धूत बसले होते. आता माणसाशी बोलताना ते ओठांकडे बघायचे, लपवायचं काही राहिलं नव्हतं.

"बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"पयल्या झटक्याला हलकं फिरत हुतं का?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "मला नाही बाई कळलं, मिस्त्री. मी वह्या तपासत होते."

"बरं," ते म्हणाले.

मी ते खोटं त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलले, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. मला वाईट ठरायचं नव्हतं. त्यांना खरं हवं होतं, कारण इतकी वर्षं ज्या कानावर ते जगले तो नक्की कुठवर गेलाय हे सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी तेवढंही दिलं नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

दुसऱ्या सोमवारी गॅरेज बंद होतं. मंगळवारीही. पंक्चरवाल्याने सांगितलं, हत्यारं विकली, म्हणाले आता घरीच बसणार. महिन्याभरात तिथे शहाळ्यांचा गाडा लागला.

गेल्या पावसाळ्यात ते वारले, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. गॅरेज बंद झाल्यापासून आमची एकच भेट झाली होती.

उन्हाळ्यात माझी गाडी पुन्हा त्रास द्यायला लागली. मशीनवाल्या गॅरेजमध्ये दोनदा नेली, दोनदा काहीतरी बदललं, तरी सकाळी सेल्फ मारमारून पेटायची नाही. एका रविवारी वीस मिनिटांनी कशीबशी चालू झाली आणि ती बंद करायची हिंमत न होता मी तशीच कुंभारीला गेले. तिकडे कामगारांच्या वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. गाडी दारापुढे हँडब्रेकवर चालू ठेवली आणि उतरले.

ते दारातल्या पायरीवर बसले होते. बारीक झाले होते. बायको आत सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिने आतूनच सुपाच्या काठाने जमिनीवर ठोकलं, त्यांनी मागे बघितलं, मग तिने माझ्याकडे बोट केलं. असं त्यांचं बोलणं चालत असे.

"या की बाई. लई दिसानं."

चहा झाला. मी ओठ मोठे करून बोलत होते. लेकीने कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते डब्यात होतं. "सगळंच सारकं वाजतंय त्यात. कुकर बी तसाच, कुत्रं बी तसंच. काडून ठिवलं." शाळेचं विचारलं, पंक्चरवाल्याचं विचारलं. व्हॅनचं दोघांनीही काढलं नाही. त्यांची बायको मधूनमधून माझ्या गाडीकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि काही न बोलता पुढचं पान घ्यायची.

"आनि ती काय म्हणतीया?" त्यांनी गाडीकडे मान उडवली.

"सेल्फ लागतो, पेटत नाही. सकाळी फार छळते."

"चला, बगू."

त्यांच्या तोंडावर थोडी तरतरी आली. गुडघ्यावर हात देऊन उठले, गाडीसमोर जाऊन उभे राहिले. मी आत बसले.

"हं. मारा सेल्फ."

गाडी चालू होती. दहा पावलांवर, अर्धा तास, खडखड करत, पत्रे हलवत चालू होती. ते तिच्याकडे तोंड करून चहा प्याले होते.

चावीवर माझा हात होता. गुपचूप बंद करून पुन्हा सेल्फ मारला असता तर त्यांना काहीच कळलं नसतं. मला ते जमलं असतं, आधी एकदा जमलं होतं. मी खाली उतरले. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मिस्त्री, गाडी चालूच आहे."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हात पुढे करून बॉनेटवर ठेवला. ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

"कवापास्नं?"

"मी आल्यापासून. बंदच केली नव्हती." आणि इतके दिवस दडवलेलं तेही सांगून टाकलं, "त्या दिवशी पहिल्या झटक्यालाच हलकं फिरत होतं, मिस्त्री. मला कळलं होतं."

त्यांनी मान हलवली, इतकी थोडी की हो म्हणाले की नुसतं ऐकलं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मग हात काढून घेत म्हणाले, "बंद करा की बाई ती. उगं पेट्रोल जळतंय."

मी बंद केली. वसाहतीत कुठेतरी नळाला पाणी आलं होतं, बादल्या वाजत होत्या.

"आता मारा."

मी सेल्फ मारला. घर्र, घर्र. पेटली नाही. पुन्हा मारला. ते बॉनेटपाशी ताठ उभे राहून काचेतून माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. गाडी पेटली की नाही, हे त्यांना तिथेच दिसणार होतं. मी पुन्हा चावी फिरवली.